बी श्रिम्पच्या पावडरीच्या डब्यावर नुसतं 'जीएच प्लस' का लिहिलेलं असतं

टाकीत श्रिम्प, म्हणजे छोटी कोळंबी, पाळायला घेतले की पहिला गोंधळ पाण्यात घालायच्या मिनरल पावडरीचा होतो, एका डब्यावर जीएच प्लस (जीएच म्हणजे पाण्याचा जडपणा), दुसऱ्यावर जीएच/केएच प्लस (केएच म्हणजे त्यातलं बायकार्बोनेट), आणि बरेच जण सांगतात कुठलाही घे, सारखंच आहे. सारखं अजिबात नाहीये, आणि ते कळायला हाँगकाँगच्या डोंगरात जावं लागतं.

तिथले ओढे ग्रॅनाइट आणि ज्वालामुखीच्या खडकांवरून येतात, त्यामुळे पाण्यात क्षार अगदी कमी. बी श्रिम्प मूळचा त्या भागातला. तो जपानमध्ये पोचला आणि 1990च्या दशकात हिसायासु सुझुकी यांच्याकडे काळ्या-पांढऱ्या श्रिम्पमध्ये एक लाल निघाला, त्यातूनच निवड करत करत क्रिस्टल रेड हा लाल-पांढरा प्रकार आला. रंग बदलला पण पाण्याची सवय तीच राहिली: जीएच 4 ते 6, केएच जवळपास शून्य, पीएच 6च्या आसपास. चेरी या दुसऱ्या जातीच्या श्रिम्पचं तसं नाही, त्याला थोडं केएच चालतं, उलट बरंच वाटतं, म्हणून त्याची पावडर वेगळी.

आपल्याकडे जड पाणी म्हणजे काय ते सांगायला लागत नाही, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. मोजायची सुरुवातही साबणानेच झाली, 1841मध्ये थॉमस क्लार्क यांनी साबणाच्या द्रावणाने जडपणा मोजायची पद्धत काढली. जीएच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, केएच म्हणजे बायकार्बोनेट. श्रिम्प कात टाकतो तेव्हा नवं कवच कडक करायला त्याला कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बरंचसं तो पाण्यातनं घेतो, नुसतं आरओचं पाणी वापरलं तर कात टाकतानाच मरतो, हे बघायला फार वाईट वाटतं. पण हेच कॅल्शियम बायकार्बोनेटसोबत दिलं तर अ‍ॅक्टिव्ह सॉइल, म्हणजे टाकीच्या तळाची माती जी पीएच खाली धरून ठेवते, ती ते केएच शोषत शोषत लवकर थकते. म्हणून बीच्या पावडरीत कॅल्शियम-मॅग्नेशियम क्लोराइड आणि सल्फेटच्या रूपात असतात, कार्बोनेट मुद्दाम टाळलेलं.

आधी पाण्यातले क्षार काढायचे आणि मग हवे तेवढेच घालायचे, हे सगळं जमतं ते आरओमुळे, आणि ते व्यवहारात आणणाऱ्या मेंब्रेनमागे, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यामागे, आपल्या भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन होते, सिडनी लोब यांच्याबरोबर, कॅलिफोर्निया विद्यापीठात, 1960च्या सुमारास. आता तेच तंत्र आपल्या स्वयंपाकघरात आहे, पण बऱ्याच घरगुती आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो. पाणी बोअरचं असेल तर केएच तिथेच परत आलं, आणि टीडीएस मीटर फक्त एकूण आकडा दाखवतो, त्यात केएच किती ते कळत नाही. म्हणून तो कंट्रोलर बंद करून घ्या किंवा थेट मेंब्रेननंतरचं पाणी काढा, आणि पावडर घालायच्या आधी केएचची ड्रॉप टेस्ट, म्हणजे थेंब टाकून करायची चाचणी, कराच.