गोव्यातल्या दोन सागरी संस्था: एनआयओ कोणती, एनसीपीओआर कोणती?

झुआरीच्या मुखाशी एका काठावर दोनापावला, पलीकडे वास्कोजवळचा हेडलँड सडा. दोन्हीकडे समुद्राचा अभ्यास करणारी एकेक केंद्रीय संस्था आहे. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ. सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, म्हणजे एनसीपीओआर. एक समुद्राची, दुसरी बर्फाची, अशी वाटणी केली जाते. ती सोयीची आहे, पण अर्धवट. खरा फरक मालकीत आणि जबाबदारीत आहे.

एनआयओ सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा. साठच्या दशकात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी मोहीम काढली. तिच्यातून तयार झालेली माणसे आणि साठलेली माहिती यांच्या बळावर १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था उभी राहिली. डॉ. एन. के. पणिक्कर पहिले संचालक. कोची, मुंबई आणि विशाखापट्टणम इथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. किनाऱ्यावर बंदर, कारखाना किंवा पाइपलाइन येणार असली की पाण्याचा आणि जीवसृष्टीचा अभ्यास करायला अनेकदा हीच मंडळी येतात.

पण माझ्या मते एनआयओचे सर्वांत मोलाचे काम अरबी समुद्राच्या प्राणवायूवर आहे. या समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू मग नायट्रेटवर भागवतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ असे प्राणवायूहीन पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ भागातही येते. त्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो, हे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडले. असे काम वर्षानुवर्षे त्याच पाण्यात परत परत जाऊनच होते.

घोळ होतो तो अंटार्क्टिकामुळे, आणि त्याला इतिहास आहे. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. नेते होते डॉ. एस. झेड. कासिम, एनआयओचे माजी संचालक. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. अदिती पंत होत्या. जन्माने नागपूरच्या, नोकरीने एनआयओच्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक, दुसऱ्या भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. तेव्हा सड्यावरची संस्था अस्तित्वातच नव्हती!

ती आली १९९८ साली, एनसीएओआर (राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्र) या नावाने. २०१८ मध्ये नाव बदलले. ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची आहे, त्यामुळे संशोधनाबरोबर व्यवस्थापनही तिच्याच गळ्यात. अंटार्क्टिकावरचे मैत्री आणि भारती (२०१२), आर्क्टिकमधले हिमाद्री (२००८), स्पितीतले हिमांश (२०१६) ही केंद्रे तीच चालवते. माणसे निवडणे, इंधन पोचवणे, हिवाळाभर तिथे राहणाऱ्यांची काळजी घेणे हे सगळे त्यात आले. एनआयओवर असा भार नाही.

समुद्रतळाच्या बाबतीत मात्र दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतात. एनआयओच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून बहुधात्विक गाठी, म्हणजे अनेक धातू असलेले गोळे, वर काढल्या, आणि १९८७ मध्ये अशा गाठींच्या शोधासाठी भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. तळातल्या उष्ण झऱ्यांपाशी साचणाऱ्या सल्फाइडांचा, म्हणजे धातू आणि गंधकाच्या संयुगांचा, शोध मात्र एनसीपीओआरकडे आहे. १९८३ साली आलेले ‘सागर कन्या’ जहाजही आता तिच्याकडे. एनआयओची जहाजे ‘सिंधु साधना’ आणि ‘सिंधु संकल्प’. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडच्या समुद्रतळावर भारताने २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे हक्क मांडला, त्यासाठीच्या सर्वेक्षणाची सूत्रे सड्यावर होती. दोनापावलाचे शास्त्रज्ञ त्या कामातही होतेच.