मेल येऊन राहिले, पण जाऊन नाही राहिले

मागच्या रविवारी सकाळी नागपूरच्या महाल भागातून मामाजींचा फोन. "काहून बे, माझे मेल येऊन तं राहिले पण जाऊन नाही राहिले, पासवर्ड तोच आहे, मग एकीकडं चालते अन् दुसरीकडं काहून नाही?" मामाजींना ब्राउझरमध्ये मेल बघणं पटत नाही, थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम पाहिजे, सगळे मेल आपल्या मशीनवर पाहिजे. पण प्रश्न एकदम बरोबर विचारला त्यांनी.

उत्तर आहे १९८२ मध्ये. ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवायचे नियम लिहिले, तोच एसएमटीपी, आणि त्यात पासवर्ड नावाची भानगडच नव्हती! पोस्टाची लाल पेटी कशी असते, कोणीही यावं, कोणाच्याही नावाने पत्र टाकावं, पेटी विचारत नाही तू कोण. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं अन् संशोधनवाले, कोण कशाला लबाडी करेल. आलेलं पत्र घ्यायला मात्र ओळख लागायची, म्हणून मेल वाचायचा दरवाजा वेगळा, पाठवायचा वेगळा. पुढं स्पॅमवाल्यांनी या उघड्या पेट्या इतक्या वापरल्या की १९९९ मध्ये एसएमटीपीला लॉगिन जोडावं लागलं. म्हणजे कुलूप नंतर ठोकलंय, आणि ते जाणवतं. आजही प्रोग्राममध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलची सेटिंग वेगळी, पासवर्डही वेगळे सेव्ह होतात, त्यामुळे पासवर्ड बदलल्यावर एकीकडं नवा अन् दुसरीकडं जुनाच राहिला असं हमखास होतं.

मी गेलो, आधी तर्री पोहे झाले, मग मशीन. मामाजी एरर आली की वाचायच्या आधी ओके दाबतात, अर्धं दुखणं तिथंच असतं भाऊ, कारण त्या खिडकीतला आकडा कामाचा असतो. ५३५ म्हणजे तुम्ही ओळख सांगितली पण सर्व्हरला पटली नाही, युजरनेम-पासवर्ड बघा, आणि युजरनेम म्हणजे बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता लागतो, ॲटच्या आधीचा तुकडा नाही. ५३० म्हणजे ओळख सांगितलीच नाही, लॉगिन बंद आहे. ५५० सोबत 'रिले', म्हणजे मेल पुढं दुसऱ्या सर्व्हरला पोचवणं, असा शब्द दिसला तरी बहुतेक तेच. आणि काहीच आकडा नाही, नुसतं वाट पाहून टाइमआउट, तर पासवर्डला दोष देऊ नका, पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, बघा: २५ घरच्या इंटरनेटवर बरेचदा अडवलेला असतो, ५८७ टाका, स्टार्टटीएलएस सोबत, नाहीतर ४६५ आणि एसएसएल/टीएलएस (ही दोन्ही नावं लाइन झाकायच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या, सेटिंगची).

जीमेलवाल्यांचं अजून एक वेगळंच आहे. ३० मे २०२२ पासून गुगलने साधा पासवर्ड बाहेरच्या प्रोग्राममध्ये चालवणं बंद करायला घेतलं, म्हणून पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही ५३५ येतो. तिथं ऑथेंटिकेशनमध्ये ओऑथ२ निवडायचं, प्रोग्रामला पासवर्ड न देता टोकन मिळतं, म्हणजे घराची किल्ली न देता नुसता गेटपास. जुन्या प्रोग्रामला ते जमत नसेल तर गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून, त्या प्रोग्रामपुरता १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यायचा.

मामाजींचं यातलं काहीच नव्हतं. पीसी फॉरमॅट झाल्यावर त्यांनी सेटिंग स्वतः केली होती आणि जाणाऱ्या मेलला 'एन्क्रिप्टेड पासवर्ड' निवडलं होतं. "नॉर्मलपेक्षा तं हे सेफ नाही का?" नाव ऐकून कोणालाही तसंच वाटेल. पण ती एक जुनी पद्धत आहे, १९९७ च्या आसपासची, जेव्हा पूर्ण लाइनच उघडी असायची तेव्हा निदान पासवर्ड तरी झाकावा म्हणून काढलेली. त्यासाठी सर्व्हरला तुमचा पासवर्ड जवळजवळ मूळ रूपात सांभाळून ठेवावा लागतो, म्हणून बऱ्याच सर्व्हरवर ती आता नसतेच. आज टीएलएस पूर्ण लाइनच झाकते, त्याच्या आत 'नॉर्मल पासवर्ड' बिनधास्त चालतो. हां, टीएलएस नसेल तर मात्र नाही, कारण साध्या लॉगिनमध्ये पासवर्ड बेस६४ मध्ये जातो, आणि ते कुलूप नाहीच, नुसतं लिहायची पद्धत बदललेली, कोणीही उलट करून वाचेल.

नॉर्मल केलं, सेव्ह झालेला पासवर्ड उडवला, परत टाकला. मामाजींनी पहिला मेल मलाच पाठवला, मग तिथंच बाजूला बसून विचारलं, "आला का बे?"