तोल आणि शरीराच्या ठेवणीवरील उपचारांचे शिक्षण : कोकणातील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेश अर्ज

आंब्याच्या हंगामात दिवसभर मान वर करून घळीने, म्हणजे आंबे काढण्याच्या जाळीच्या काठीने, फळे उतरवणाऱ्या गड्याला घेरी येऊ लागली, की घरचे लोक पित्ताचे औषध आणतात. प्रत्यक्षात कानाच्या आतील कॅल्शियमचे सूक्ष्म कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्यानेही मान वर करताच किंवा अंथरुणात कूस बदलताच अशी भोवळ येते. ती डिक्स-हॉलपाइक चाचणीने ओळखता येते आणि डोके ठरावीक क्रमाने फिरवण्याच्या एप्ली पद्धतीने बहुतेकदा आटोक्यात येते. असे उपचार शिकण्याची इच्छा असलेले बारावीचे विद्यार्थी अलीकडे ‘कायरोप्रॅक्टर (मणके व सांधे हाताने दाबून, झटके देऊन उपचार करणारा) कसे व्हावे’ अशी चौकशी करतात, म्हणून अर्जाकडे वळण्यापूर्वी त्याविषयी लिहिणे आवश्यक आहे.

कायरोप्रॅक्टिकचा उगम 1895 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या शाखेच्या पूर्ण शिक्षणाला चार वर्षांत किमान 4200 तास लागतात आणि त्यांपैकी किमान 1000 तास देखरेखीखालील रुग्णसेवेचे असावे लागतात. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे शनिवार-रविवारच्या वर्गातून मिळालेल्या प्रमाणपत्राच्या बळावर मानेला झटके देणे कायद्याच्या दृष्टीने कच्चे आहेच, शिवाय ते धोक्याचेही आहे. मानेतील रोहिणीचा आतील पदर फाटण्याच्या आजारात चक्कर हेच पहिले लक्षण असू शकते आणि अशा मानेला हात लावायचा नसतो, हे ओळखण्यातच शिक्षणाचा कस लागतो. फिजिओथेरपीचा समावेश मात्र 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहे. म्हणून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्याने फिजिओथेरपीची पदवी, म्हणजे बी.पी.टी.एच., हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावेत. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के, तर मागास प्रवर्गासाठी 40 टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण झालेली असावीत. ‘नीट’ ही देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणे अनिवार्य आहे, कारण या जागा नीटच्या गुणवत्तेवरच भरल्या जातात.

कोकणातील अर्ज अडतात ते बहुधा गुणांमुळे नव्हे, दाखल्यांमुळे. राज्याच्या कोट्यातील जागेसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. सावंतवाडी किंवा दोडामार्ग तालुक्यातील अनेक मुले जवळ पडते म्हणून अकरावीला गोव्यात नाव घालतात. घर महाराष्ट्रात, रेशनकार्ड महाराष्ट्राचे, दहावीही इथलीच, तरीही गोव्यातील बारावीमुळे राज्याच्या कोट्यावर पाणी सोडावे लागते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसारखे काही अपवाद माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. ते आपल्याला लागू पडतात की नाही, हे अकरावीच्या प्रवेशापूर्वीच पाहावे. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास यांचे एकत्रित प्रमाणपत्र ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करून तहसील कार्यालयाकडून मिळते.

जातीच्या दाखल्याचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 हा मानीव दिनांक आहे आणि त्या दिवशी कुटुंबाचे मूळ वास्तव्य जिथे होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडूनच दाखला मिळतो. आजोबा मुंबईच्या गिरणीत, वडील डोंबिवलीत आणि मूळ घर गुहागर तालुक्यात, अशा चाकरमानी कुटुंबातील मुलाला म्हणूनच चिपळूणच्या प्रांत कार्यालयाची पायरी चढावी लागते. पुरावाही गावातच असतो. जीवन शिक्षण मंदिराच्या, म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेच्या, जनरल रजिस्टरमधील आजोबांच्या नावाचा उतारा हा त्यातला सर्वांत भक्कम. उतारा घेताना मुख्याध्यापकांकडून नाव, वडिलांचे नाव आणि जातीचा रकाना मूळ नोंदीशी अक्षरशः जुळवून घ्यावा, कारण जुन्या वह्यांत आडनावाऐवजी नुसते गावाचे किंवा वाडीचे नाव असते आणि मग वंशावळीच्या शपथपत्रात त्याचा खुलासा करावा लागतो. दाखला मिळाल्यावर जात वैधता प्रमाणपत्रासाठी जिल्हा जात पडताळणी समितीकडे बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. निकालानंतर धावपळ करून ते वेळेत हाती पडेल, या भरवशावर राहू नये. नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत तरी असावी. आर्थिक दुर्बल घटकाचा लाभ घेणाऱ्यांनी त्यासाठीचे प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातच काढावे.

उरलेली कागदपत्रे सोपी आहेत: नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि विहित नमुन्यातील वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र. मध्ये वर्ष वाया गेले असल्यास त्याचे शपथपत्र लागते, तर केंद्रीय मंडळातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. सर्व कागदांवरील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे असावे.

प्रक्रियेचा क्रम असा. नीटचा निकाल लागल्यावर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नीटचा अर्ज भरला म्हणजे राज्याचाही अर्ज झाला, ही समजूत चुकीची आहे. नोंदणीत शुल्क भरून कागदपत्रे अपलोड करावीत, गुणवत्ता यादीतील आपला प्रवर्ग तपासावा आणि मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा. मुंबईतील के.ई.एम., नायर आणि शीव या महापालिकेच्या संस्था यादीत वर ठेवण्यासारख्या आहेत, त्यांपैकी के.ई.एम.मधील फिजिओथेरपीचे शिक्षण 1953 पासून सुरू आहे. जागा मिळाल्यावर मूळ कागदपत्रांसह मुदतीत हजर राहावे लागते. अभिमत विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते.

शुल्काबाबत एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. संस्थास्तरावरील प्रवेशाला ती लागू नाही.

अभ्यासक्रमात तोल तपासण्याच्या रोम्बर्ग चाचणीपासून 14 कृतींच्या आणि 56 गुणांच्या बर्ग श्रेणीपर्यंतची साधने, तसेच पाठीचा कणा वाकडा झाल्याचे पुढे वाकवून पाहण्याची आडम चाचणी शिकवली जाते. आंतरवासितेचा (इंटर्नशिपचा) काळ आपल्या तुकडीला कोणत्या नियमाने लागू आहे, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. ती पूर्ण झाल्यावर फिजिओथेरपीसाठीच्या राज्य परिषदेत नोंदणी करावी आणि नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत स्वतंत्रपणे रुग्ण तपासू नयेत. मज्जासंस्थेच्या किंवा स्नायू-अस्थींच्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे झाल्यास त्यासाठी पी.जी.पी. सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते.