दादा आणि सरिअलिझम: विचित्र दिसलं म्हणून दोघांना एकाच पोत्यात कोंबू नका

साल्वादोर दाली या चित्रकाराची वितळलेली घड्याळं कोणी पोस्ट केली की खाली एक तरी जण "दादाइझमचा बेस्ट नमुना" असं लिहितोच, आणि मार्सेल द्युशाँने कलाकृती म्हणून मांडलेल्या मुतारीचा फोटो आला की "किती सरिअल यार!" कलेतल्या या दोन वेगळ्या चळवळींचा असा घोळ इतक्यांदा वाचलाय की आता एकदाच बसून सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवता येईल.

सरिअलिझम, म्हणजे आपल्याकडे अतिवास्तववाद म्हणतात तो, बहुतेकांना माहीत असतो. मनोविश्लेषक फ्रॉइड, स्वप्नं, नेणीव, १९२४ साली पॅरिसमध्ये कवी आंद्रे ब्रेताँने काढलेला जाहीरनामा, मग दाली, मॅग्रीत वगैरे चित्रकार मंडळी. घड्याळांचं चित्र १९३१ चं, आणि पोस्टरांमुळे भलंमोठं वाटतं पण आहे जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटर. यावर आणखी वेळ घालवत नाही.

दादा आधीचा. फेब्रुवारी १९१६, झुरिक, ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स या जोडप्याने काबारे व्होल्तेर हा कलाकारांचा अड्डा सुरू केला, दादा तिथेच जन्मला. स्वित्झर्लंड पहिल्या महायुद्धात नव्हतं म्हणून अख्ख्या युरोपातून पळून आलेली माणसं तिथे जमली होती, लेनिन तर त्याच गल्लीत राहत होता. त्याच महिन्यात तिकडे फ्रान्समध्ये व्हर्दूंची भीषण लढाई सुरू झाली. आणि इकडे काही महिन्यांनी बाल पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचा पोशाख घालून स्टेजवर उभा, इतका ताठ की चालता येईना म्हणून त्याला उचलून आणावं लागलं, आणि कविता कसली तर कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांची. लोक हसतात, पण ज्या भाषेत वर्तमानपत्रं आणि सरकारं पोरांना खंदकात पाठवत होती ती भाषाच त्याला नासलेली वाटत होती, आणि त्या वेळचे पेपर काढून बघितले तर त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही.

हे साल, शहर, नावं असले फरक गुगल सांगेल. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दोघांचीही हत्यारं तीच आहेत, योगायोग, कात्री, गोंद, बाजारातून उचललेली वस्तू. म्हणून लोकांना वाटतं की दोघंही "रँडम". पण रँडमचं पुढे काय करायचं यावर दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला आहेत.

जमिनीवरचे दोन कागद घेऊ. पहिला दादावाल्या हान्स आर्पचा, झुरिक, १९१६-१७. गोष्ट अशी सांगतात की त्याने कागद फाडले, खाली टाकले आणि जसे पडले तसे चिकटवले. (चौकोन इतके शहाण्यासारखे पडलेत की थोडी ढकलाढकल झाली असणार असं माझं मत, पण असो.) चित्रात शोधण्यासारखं काही नाही, पक्षी नाही, चेहरा नाही, आर्पच्या मनातलं गुपितही नाही, आणि तोच मुद्दा आहे. माणसाच्या बुद्धीने, हिशोबाने, प्लॅनिंगने युरोपची काय अवस्था केली ते दिसतंय ना, मग जरा बाजूला हो आणि कागदाला पडू दे.

दुसरा कागद सरिअलिस्ट चित्रकार माक्स अर्न्स्टचा, ऑगस्ट १९२५, फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका खानावळीत. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की खोलीतल्या लाकडी जमिनीच्या घासून घासून वर आलेल्या रेषांनी त्याला झपाटलं, तर त्याने जमिनीवर कसेही कागद टाकले आणि वरून पेन्सिल घासली, लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून करायचो ना, तसं. इथपर्यंत आर्पच. पण अर्न्स्ट तिथे थांबत नाही, तो त्या रेषांकडे टक लावून बघत बसतो आणि त्यातून जंगलं, पक्षी, जनावरं बाहेर काढतो. कागद कसाही पडू दे, त्यात जे दिसतंय ते माझ्या आतून आलंय, ही त्याची खात्री.

म्हणजे दादाला अर्थ मोडायचा होता आणि सरिअलिझमला लपलेला अर्थ खणून काढायचा होता. एवढं एक डोक्यात बसलं तर बाकीचं पाठ करायची गरज नाही.

कात्रीचंही तेच. बर्लिनची दादावाली हाना ह्योख नोकरी करायची मासिकं छापणाऱ्या एका मोठ्या प्रकाशनात, बायकांच्या अंकांसाठी भरतकामाचे नमुने काढायची. १९१९ च्या सुमाराला तिने स्वयंपाकघरातल्या सुरीचं नाव देऊन एक मोठं कोलाज (कापलेली चित्रं चिकटवून केलेलं चित्र) केलं, त्यात कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, मिशीच्या जागी दोन पैलवान आहेत आणि खाली उजव्या कोपऱ्यात युरोपातल्या कुठल्या देशांत बायकांना मतदान करता येतं त्याचा नकाशा, शेजारी तिचा स्वतःचा छोटासा चेहरा. कापल्याच्या कडा सरळसरळ दिसतात, लपवलेल्याच नाहीत. सम्राट गेला, पैसा गेला, रस्त्यावर गोळीबार, तर ते चित्र एकसंध दिसेलच कशाला? उलट अर्न्स्टची १९३४ ची कोलाज बघा, जुन्या कादंबऱ्यांतली चित्रं कापून केलेली. जोड शोधून सापडत नाही. पक्ष्याचं डोकं असलेला माणूस दिवाणखान्यात अगदी सहज उभा आहे, कारण स्वप्नात आपल्याला जोड दिसत नसतो. मी तरी चित्रापुढे उभी राहिले की आधी कडाच बघते. दरवेळी चालेल असा नियम नाही हा, पण बऱ्याचदा चालतो.

आता माझं खास दुखणं: "दादा म्हणजे निरर्थक टाइमपास, आमचं पोरगं पण करेल". अरे, बर्लिनमधले दादावाले कलाकार ग्रोस आणि हार्टफील्ड कम्युनिस्ट पक्षात होते! हार्टफील्ड हे नावसुद्धा मूळचं नाही, जर्मनीत इंग्लंडविरुद्ध द्वेष पेटलेला असताना या जर्मन माणसाने मुद्दाम इंग्रजी नाव घेतलं. १९२० च्या त्यांच्या प्रदर्शनात छताला जर्मन अफसराचा पुतळा टांगला होता, डोकं डुकराचं. लष्कराचा अपमान केला म्हणून केस झाली आणि दंड बसला. टाइमपासवर कोण केस करतं?

मग हे सगळं सोडून लोक स्वप्नांकडे का वळले? ब्रेताँ मुळात डॉक्टरकी शिकणारा. १९१६ मध्ये तो साँ-दिझिए इथे युद्धात मन बिघडलेल्या सैनिकांच्या केंद्रात काम करत होता, तिथे फ्रॉइडच्या कल्पना त्याच्या हाती लागल्या. एक सैनिक तर ठामपणे सांगायचा की हे युद्ध खोटं आहे, तोफगोळे नाटकातले, जखमा म्हणजे मेकअप, आणि हा बाबा खंदकाच्या कडेवर उभा राहून येणाऱ्या गोळ्यांना बोटाने दिशा दाखवायचा. ब्रेताँच्या डोक्यातून तो कधी गेला नाही. झुरिकवाल्यांनी युद्ध पाहिलं ते बहुतेक लांबून, हा रोज त्या युद्धाने फुटलेली डोकी ऐकत होता, आणि त्याला त्या बडबडीत काहीतरी सांगितलं जातंय असं वाटलं. युद्ध संपल्यावर नुसतं "नाही, नाही" ओरडत राहणं त्याला पुरेना. पॅरिसमध्ये दादाचे कार्यक्रम तर लोक तिकीट काढून शिव्या खायला यायला लागले होते, म्हणजे धक्का बसणं बंदच. जुलै १९२३ मध्ये त्झारा या दादा कवीच्या एका कार्यक्रमात ब्रेताँने स्टेजवर चढून आपल्या काठीने एका कवीचा हातच मोडला. पुढच्या वर्षी जाहीरनामा आला, १९२७ ला तो कम्युनिस्ट पक्षातही गेला, तिथे फार पटलं नाही ते सोडा.

"मग द्युशाँ कुठला, दादाचा की सरिअलिझमचा?" हा प्रश्न येणारच. मुतारी १९१७ ची, न्यूयॉर्कची, तेव्हा सरिअलिझमचा जाहीरनामा सात वर्षं लांब होता. वस्तू जशी दुकानातून आली तशी, फक्त आडवी ठेवलेली आणि वर खोटी सही. तो दादा. १९३६ चा मेरेट ओपेनहाइमचा कप बघा, कप-बशी-चमचा सगळ्याला हरणाची लव लावलेली, बघूनच ओठ शिवशिवतात आणि शिसारीही येते. तो सरिअलिझम. पण हाच द्युशाँ १९३८ च्या पॅरिसच्या सरिअलिस्ट प्रदर्शनात छताला कोळशाची १२०० पोती टांगताना सापडतो, कारण ब्रेताँने त्याला बोलावलं होतं आणि दोस्ती होती. अर्न्स्ट तर कलोनमध्ये पक्का दादावाला होता, नंतर पॅरिसला गेला. माणसं इकडून तिकडे जातात, म्हणून लेबल कलाकाराला लावू नका, कलाकृतीला लावा, आणि कृपा करून विमानाच्या खिडकीतून काढलेल्या ढगांच्या फोटोला तर यातलं काहीच लावू नका.