बोसाम: ओव्हनमधलं की पातेल्यातलं?

बोसाम म्हणजे डुकराच्या मांसाचा, पानात गुंडाळून खायचा कोरियन पदार्थ. घरी तो करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी दोनच असतात. एक तर खारट झालं, नाहीतर फिक्कं झालं. दोन्हींचं मूळ एकच आहे. बोसाम या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ फिरतात, आणि नेटवरच्या निम्म्या पाककृती मांस एकाचं आणि तोंडीलावणं दुसऱ्याचं अशी सरमिसळ करून मोकळ्या होतात. महागाचं डुकराचं मांस त्यात वाया जातं, म्हणून हे एकदा नीट लिहायला हवं.

ओव्हनमधलं तुम्हाला ठाऊक आहे, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. न्यूयॉर्कच्या मोमोफुकु साम बार या रेस्टॉरंटमध्ये शेफ डेव्हिड चँग यांनी ते गाजवलं. तिथे ते आगाऊ सांगून ठेवावं लागे, सहा ते दहा जण मिळून खात आणि 200 डॉलरच्या आसपास मोजत; ते रेस्टॉरंट 2023 मध्ये बंद झालं. हाडासकट खांद्याचा चारेक किलोचा तुकडा मीठ-साखर चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, 150 अंशांवर सहा तास भाजायचा, शेवटी ब्राउन शुगर लावून 260 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. मग चिमट्याने ओढलं की मांस सुटं होतं.

कोरियातल्या घरांमधलं बोसाम मात्र पाण्यात शिजतं. हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी हिवाळाभराची किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचं तिखट लोणचं, घालतात, त्याला किमजांग म्हणतात. 2013 मध्ये युनेस्कोने या प्रथेची वारसा म्हणून नोंद घेतली. त्या दिवशी दमलेल्या मंडळींना ताज्या किमचीबरोबर हेच उकडलेलं मांस वाढायची रीत आहे. पोटाकडचा किंवा खांद्याचा किलोभर तुकडा, पाण्यात दोन मोठे चमचे दोएनजांग, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली पेस्ट, शिवाय आलं, लसूण, कांदा, पातीचे देठ, मिरी. उकळी आली की आच कमी करून तासाभरात काम होतं. मग सुरीने चकत्या.

आता खरा घोळ. तो आचेचा नाही, मिठाचा आहे.

ओव्हनमधल्या प्रकारात मीठ मांसात असतं. रात्रभर मुरतं, वरून साखरेचं कवच येतं, म्हणजे मांस स्वतःच खारट-गोड होतं. म्हणून त्याच्यासोबतचं बाकी बरंचसं सौम्य ठेवलेलं असतं: साधा भात, अळणी लेट्यूस, आलं-कांदापातीची चटणी. साम्जांग, म्हणजे घासाला लावायची दोएनजांग-मिरचीची पेस्ट, तेसुद्धा गोचुजांग (आंबवलेली मिरचीची पेस्ट), व्हिनेगर आणि तेल घालून सैल केलेलं असतं. पातेल्यातल्या बोसाममध्ये नेमकं उलटं आहे. तिथे मांस मुद्दाम जवळजवळ अळणी ठेवतात. दोएनजांग घालतात ते वास मारायला आणि थोडी खोली यायला, मांस खारवायला नाही. मीठ येतं ते बाहेरून, तेही चार बाजूंनी: मिठात मऊ केलेली नापा (चायनीज) कोबीची पानं, किमची, घट्ट साम्जांग आणि सेउजोत.

सेउजोत म्हणजे मिठात आंबवलेली बारीक ओली कोळंबी. गरम चकतीवरची चरबी अजून हलत असते, तेवढ्यात चॉपस्टिकच्या टोकाने त्यातल्या नखाएवढ्या दोन कोळंब्या तिच्यावर ठेवायच्या. दोनच. त्यांचा खारटपणा चरबीत उतरतो आणि मांसाची गोडी वर येते. मांस आधीच खारवलेलं असेल तर हा घास तोंडात धरवत नाही. उलट, अळणी उकडलेलं मांस रेस्टॉरंटच्या पातळ सॉससोबत आणि साध्या भातासोबत खाल्लं तर फिक्कं लागणारच. त्यात मांसाचा काही दोष नाही.

आपल्याकडे यात आणखी एक खड्डा आहे. ओव्हनमधल्या बोसामच्या पाककृतीत ‘एक कप मीठ’ लिहिलेलं असतं, ते कोशर मीठ: मोठे, हलके कण. त्याच्या हलक्या प्रकाराचा कप साधारण 140 ग्रॅम भरतो. आपल्या डब्यातलं बारीक मीठ त्याच कपात जवळपास दुप्पट बसतं. तेव्हा कप विसरा आणि वजन करा. दोन किलो मांसाला 70 ग्रॅम मीठ आणि 100 ग्रॅम साखर पुरे. रात्रभरात सुटलेलं पाणी ओतून द्या, ते तसंच ट्रेमध्ये भाजायला घालू नका.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. लेट्यूस की कोबी, जे मिळेल ते. न्यूयॉर्कच्या बोसामसोबत ऑयस्टर, म्हणजे कालवं, असतात; ती शेफची लहर वाटते, पण कोरियात ऑयस्टर घातलेलं बोसाम मिळतंच. खर्च कमी करायचा तर आधी तेच वगळा.

कुकरबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. चार शिट्ट्यांनी वेळ वाचतो हे खरं, पण मांस चकत्या पडण्याच्या पलीकडे जातं, सुरी लावली की धागे सुटतात. उघडं पातेलं, मंद आच, काडी सहज आत गेली की बंद. पाण्यातून काढून दहा मिनिटं थांबा, मग धागा बघून आडवं कापा, अर्धा सेंटीमीटर जाड. आणि पोटाकडचा तुकडा सहा तासांच्या ओव्हनला देऊ नका, बरीचशी चरबी ट्रेमध्ये वितळून जाते. तिथे खांदाच हवा.

परवडणारं कोणतं? न्यू जर्सीत मोठा ओव्हन आहे आणि दहा माणसं जेवायला येणार आहेत, तर खांदा भाजा. तो तिथे स्वस्त कापांपैकी आहे आणि मीठ-साखरेला खर्च नाही. पुण्या-मुंबईच्या ओटीजीत चार किलोचा तुकडा मावत नाही. दोन किलोचा कसाबसा मावतो, आणि साडेतीन-चार तास वीज जाळतो. चार माणसांच्या घरात मी पातेल्यातलंच करेन, आणि पैसे उरले तर चांगल्या दोएनजांगवर घालेन.

सेउजोत मिळालं नाही तर सुका जवळा भिजवून घालू नका, तो आंबवलेला नसतो आणि त्याचा वास सगळ्यावर चढतो. फिश सॉसमध्ये तितकंच पाणी, चिरलेली हिरवी मिरची, लसूण आणि भाजलेले तीळ घाला. अगदी थोडं, चकतीचं टोक बुडेल इतकंच.