डिकीखालचा टर्बो आणि कलम ५२

जुन्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र, बसवायचा विषय निघाला की फिटर आधी बॉनेट उघडतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांपाशी) मूठ घालून बघतो. प्रीमियर पद्मिनी असो नाहीतर मारुती ८००, तिथे मूठ मावेल एवढी जागा क्वचितच निघते. या गाड्यांचे आराखडे झाले तेव्हा त्या कोपऱ्यात आणखी एक तापलेले लोखंड येईल, असे कोणाच्या मनातही नव्हते. मग नजर मागे जाते. सायलेन्सर उतरवला की डिकीखाली जागा मोकळी होते आणि इंजिनाचा धूर तर तिथपर्यंत येतोच. टर्बो तिथे टांगायचा आणि त्याने दाबलेली हवा अडीच-तीन मीटर पाइपातून पुन्हा पुढे इंजिनाकडे आणायची, ही झाली रिमोट टर्बोची सगळी कल्पना. ‘रिमोट’ म्हटले की आपल्याकडे लोकांना बटणाचा खेळ वाटतो, म्हणून या टिपणात मी ‘मागचा टर्बो’ असेच म्हणणार आहे.

ही कल्पना जुगाड म्हणून हिणवली जाते, ते मला पटत नाही. तिचे मूळ विमानात आहे. धुरातल्या वाया जाणाऱ्या शक्तीवर हवा दाबण्याचे पेटंट एका स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत टर्बो लावलेले विमानाचे इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगरावर नेऊन चालवून बघितले गेले, कारण विरळ हवेत इंजिनाची ताकद का पडते आणि ती परत कशी मिळवायची, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-४७ थंडरबोल्ट विमानात तर टर्बो इंजिनाजवळ नव्हताच. तो वैमानिकाच्या पाठीमागे, शेपटीच्या बाजूला बसवलेला होता. पुढून धूर मागे जायचा, मागून दाबलेली हवा थंड होऊन पुढे यायची. आज सांगली-साताऱ्यात जुन्या गाडीखाली जे पाइप दिसतात, त्यांची मांडणी हीच.

साताऱ्याच्या माणसाला विरळ हवेचा मुद्दा समजवायला डोंगर शोधावा लागत नाही. वाईहून पसरणी घाट चढताना जुनी पद्मिनी दुसऱ्या गिअरवर कशी धापा टाकते आणि पाचगणीला पोचेपर्यंत रेडिएटरचा काटा कुठे जातो, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना माहीत आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने १५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो आणि कार्बोरेटरच्या १,०८९ सीसीच्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. वेगाची हौस असलेले लोक असतात, नाही असे नाही. पण ज्या मालकांशी माझे बोलणे झाले त्यांतल्या बहुतेकांना घाट नीट चढायचा होता.

मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअरमधून. जेटफायरचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबण्याचे प्रमाण, १०.२५ ला १ इतके चढे होते, त्यामुळे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणे) रोखायला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावे लागे. लोक ती टाकी भरायला विसरत आणि गाडी मंद होई. आपल्या पद्मिनीचे इंजिन कमी प्रतीच्या पेट्रोलसाठी, कमी कॉम्प्रेशनचे बनवलेले. एरवी त्याला मागासलेले म्हणतात, टर्बोच्या बाबतीत मात्र तेच त्याच्या पथ्यावर पडते.

आपल्याकडे टर्बो हा शब्द आधी ट्रकमुळे पोचला. मोटारींत १९९८ च्या टाटा सफारीच्या टर्बो डिझेलने तो घरोघरी नेला, तर पेट्रोल टर्बो २००४ च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमधून आला. तरी हौशी फिटरच्या दृष्टीने खरी कलाटणी २००७ ची, स्विफ्ट डिझेलची. १,२४८ सीसीचे ते इंजिन इतक्या गाड्यांत बसले की काही वर्षांत अपघातात मोडलेल्या गाड्यांचे छोटे टर्बो भंगारात मिळू लागले. त्याआधी लहान पेट्रोल इंजिनाला शोभेल एवढा बारका टर्बो मिळणेच मुश्कील होते. ट्रकचा टर्बो आठशे सीसीच्या धुराने हलतसुद्धा नाही. इकडे २००० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका कंपनीने मागच्या टर्बोची तयार किट विकायला काढली होती आणि तिची छायाचित्रे इथपर्यंत पोचली होती. कल्पना तिकडची आणि टर्बो भंगारातला. बाकी हात इथलेच होते. १९१० पासूनची किर्लोस्करवाडी आणि साताऱ्यातला १९२२ सालचा कारखाना यांच्या सावलीत चार पिढ्या लेथवाले, बोअरिंगवाले, ओतकाम करणारे तयार झालेल्या या पट्ट्यात फ्लँज (पाइप बोल्टने जोडायची चकती) कापून घेणे ही अडचण कधीच नव्हती.

डिझेलचा टर्बो पेट्रोलला का चालतो, हा प्रश्न हमखास येतो. पेट्रोल इंजिनाचा धूर मॅनिफोल्डपाशी ९०० अंशांपर्यंत तापतो, डिझेलचा त्याहून बराच कमी. इंजिनाला चिकटवून बसवला तर डिझेलचा टर्बो त्या उष्णतेत लवकर जातो. मागे बसवला तर धूर तिथपर्यंत येताना निवतो. पण निवणे फुकट नाही. ९०० अंशांचा वायू ६०० वर आला की त्याचे आकारमान जवळपास पाऊणपट होते, म्हणजे टर्बाइन, म्हणजे टर्बोतले धुराने फिरणारे चाक, फिरवायला जोर कमी पडतो. म्हणून पाइपावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची, पाइपाचा व्यास उगाच वाढवायचा नाही आणि टर्बाइनची बाजू लहान निवडायची. एवढे करूनही पाय दाबल्यावर टर्बो जागा व्हायला क्षणभर लागतोच. त्या बदल्यात एक फायदा मिळतो. ०.४ बार जादा दाबाला (एक बार म्हणजे साधारण नेहमीच्या हवेइतका दाब) ३० अंशांची हवा ७५ ते ८० अंशांवर जाते आणि गाडीखालच्या लांब पाइपातून येताना त्यातली बरीच उष्णता वाऱ्यावर सोडते.

कार्बोरेटरचे दुखणे वेगळे. टर्बो मागे आणि कार्बोरेटर पुढे, म्हणजे दाबलेली हवा कार्बोरेटरवरच येऊन आदळणार. कार्बोरेटरातल्या पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीवरही तेवढाच दाब पोचवला नाही तर पेट्रोल उलटे ढकलले जाते. वर पद्मिनीच्या यांत्रिक पंपाचा जोर जेमतेम असल्यामुळे टर्बोचा दाब चढला की पेट्रोल वाटीत शिरतच नाही, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन वितळतो. बऱ्याच पहिल्या गाड्या इथे संपल्या. काहींनी कार्बोरेटरच मागे, टर्बोच्या तोंडाशी नेला. तीन मीटर पाइपभर पेट्रोलची वाफ आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट, असे काम कोणी करून देत असेल तर ती गाडी घरी आणू नये.

तेलाचा प्रश्न त्याहून अवघड. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिनाजवळच्या टर्बोतून तेल आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, पडते. मागचा टर्बो मात्र चेंबरच्या पातळीला किंवा त्याखाली असतो, त्यामुळे तेल परत चढवायला वेगळा विजेचा पंप लागतो. तो बंद पडला की तेल सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरते आणि मागे निळ्या धुराचा लोट सुटतो. पंप बिघडल्याचे चालकाला कळावे म्हणून डॅशवर दिवा हवाच. आपल्या भागात भर उसाच्या रस्त्यांची: पावसाळ्यात चिखल आणि टर्बोच्या हवेच्या फिल्टरच्या उंचीवर उडणारे पाणी, हंगामात रस्त्यावर पडलेले वाळके पाचट. तापलेल्या टर्बाइनखाली पाचट अडकले तर पेटायला वेळ लागत नाही आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते. उष्णता अडवणारा पत्रा इथे टाकीसाठी आणि माणसांसाठी बसवायचा असतो.

हे सगळे लोखंडाचे प्रश्न आहेत आणि लोखंडाने सुटतात. अडते ते एका शब्दावर.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलाचा नियम आहे. मूळ कलम आजच्या मानाने फारच सैल होते. मालकाने बदलाची सूचना द्यायची, आरटीओ कार्यालयाने सात दिवसांत मंजुरी किंवा नकार कळवायचा, आणि सात दिवसांत काहीच कळले नाही तर मंजुरी मिळाली असे समजायचे. जुन्या पासिंग एजंटांच्या बोलण्यात हे ‘सात दिवस’ अजून येतात. २००० च्या दुरुस्तीने ती खिडकी बंद केली. नोंदणी पुस्तिकेतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही, असे नवे कलम सांगते. अपवाद ठेवला तो इंधन बदलण्याचा: सीएनजी, बॅटरी वगैरे, तेही मंजूर किट लावून. ‘बदल’ म्हणजे काय, याचे स्पष्टीकरणही कलमाखाली आहे. गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते.

गॅरेजवाले म्हणतात, पुस्तिका उघडून बघा. इंजिन नंबर तोच, चासी नंबर तोच, सिलिंडर तेवढेच, सीसी तीच, इंधन पेट्रोलच. टर्बोने घनक्षमता बदलत नाही, हवेची घनता बदलते. मग विसंगती कुठे आली? कार्यालयाची बाजू अशी की गाडीला मान्यता मिळाली ती एका विशिष्ट इंजिनाच्या ताकदीवर, त्या ताकदीला पुरणाऱ्या ब्रेकवर आणि त्या धुरावर. ताकद वाढली की वैशिष्ट्य बदलले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलावर भर दिला. रंग किंवा रचनेला धक्का न लावणारी किरकोळ जोडणी चालेल, मूळ तपशील बदलणारा फेरफार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

माझे मत सांगतो. पुस्तिकेच्या अक्षरावर गॅरेजवाल्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण ‘रचना’ आणि ‘मूलभूत वैशिष्ट्य’ हे शब्द त्यांच्या बाजूचे नाहीत. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या पद्मिनीची ताकद दीडपट करून पुस्तिकेत काही बदलले नाही म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही. सात दिवसांची खिडकी बंद व्हायलाच हवी होती. खटकते ते दुसरेच. डिकीत दाबाखालच्या वायूची जड टाकी बसवणाऱ्याला किट, तपासणी आणि पुस्तिकेत नोंद अशी सरळ वाट आहे. ब्रेक सुधारून, पत्रा लावून, ०.३ बारवर समाधान मानणाऱ्याला तपासून घ्यायला दारच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राला रेट्रोफिटच्या (गाडीत नंतर बसवायच्या भागांच्या) अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे. मागच्या टर्बोसाठी मागायचे असेल तर तिथे मागता येईल. तोवर एमएच-१० असो वा एमएच-११, असा टर्बो लावून सार्वजनिक रस्त्यावर निघणे नियमाबाहेरचेच, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हातात आयते कारण देणारे.

जुन्या गाडीला हा प्रश्न जास्त बोचतो तो पासिंगमुळे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. नूतनीकरणाला गाडी उभी करायची म्हणजे निरीक्षकासमोर तिचे पोट उघडे करायचे. पीयूसीत टर्बो सहसा अडत नाही, कारण ती चाचणी गाडी उभी असताना, टर्बो जवळपास झोपलेला असताना होते. अडतो तो जास्त पेट्रोल पाजण्यासाठी छेडलेला कार्बोरेटर.

२०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. ‘व्हीए’ अक्षरांची ती पाटी मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच मिळते. साठच्या दशकात आलेल्या फियाट ११०० या वयाच्या झाल्या आहेत, पद्मिनीही एकेक करून होत आहेत. मागच्या टर्बोची मांडणी इथे मालकाच्या उपयोगी पडते, कारण इंजिनाला, मॅनिफोल्डला, बॉनेटखालच्या पत्र्याला कापाकापी करावी लागत नाही आणि टर्बो उतरवून गाडी मूळ रूपात आणता येते. चांगला कारागीर चेंबरला तेलाचे भोक पाडण्याऐवजी मागे स्वतंत्र तेलाची टाकी देतो आणि सगळे पाइप फ्लँजवर जोडतो, वेल्डिंगने कायमचे नाही. काम देताना एवढे सांगून ठेवावे आणि उतरवलेला मूळ सायलेन्सर, त्याचे हँगर आणि क्लॅम्प तेल लावून माळ्यावर ठेवावेत. पद्मिनीचा कंपनीचा सायलेन्सर आता सहजासहजी मिळत नाही.