एमसीबी आहे म्हणून शॉक बसणार नाही? एमसीबी आणि आरसीसीबीचा घोळ

"आमच्याकडे सगळीकडे एमसीबी आहेत, शॉकचं टेन्शन नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता खरंच राहवत नाही. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप बंद होणारा छोटा स्विच, ते सगळ्यांना माहितीये, लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडते, जुन्या फ्यूजचंच काम करते फक्त तार बदलायची कटकट नाही. त्यावर जास्त बोलत नाही.

पण ती वाचवते कोणाला? वायरला. वायर तापून इन्सुलेशन वितळू नये, आग लागू नये म्हणून ती आहे, तुमच्यासाठी नाही. हिशोब करून बघा. 230 व्होल्टच्या फेजला ओला हात लागला आणि शरीराचा रेझिस्टन्स साधारण 1500 ओहम धरला तर अंगातून जवळपास 0.15 अँपिअर करंट जातो, म्हणजे 150 मिलीअँपिअर, माणूस मरायला एवढा खूप झाला. आणि एमसीबी आहे 16 अँपिअरची! तिच्या हिशोबाने कोणीतरी 35 वॅटचा बल्ब लावलाय इतकंच, ती कशाला पडेल? अहो रेटिंगच्या 1.13 पट करंटलाही तिने तासभर पडायचं नसतं आणि 1.45 पटीला तासाभराच्या आत पडली तरी चालतं, असं स्टँडर्डच आहे.

आरसीसीबी म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, तिचं डोकं वेगळं चालतं. किती करंट जातोय याच्याशी तिला देणंघेणंच नाही, ती बघते गेला तेवढा परत आला का. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्या आतल्या एकाच गोल कोअरमधून जातात, गेलेला आणि आलेला सारखा असला की दोघांचं मॅग्नेटिक फील्ड एकमेकांना मारून टाकतं. तुमच्या अंगातून थोडा करंट जमिनीत गेला की परत येणारा तेवढा कमी पडतो, कोअरवरच्या तिसऱ्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज तयार होतं आणि स्विच उडतो. घरगुती आरसीसीबीला हा फरक 30 मिलीअँपिअर पुरतो, तेही जास्तीत जास्त 0.3 सेकंदात, आणि 150 मिलीअँपिअरला तर 0.04 सेकंदात. म्हणून शॉक जाणवतो पण माणूस वाचतो.

आता उलटी चूक. आरसीसीबीवर 40 अँपिअर लिहिलेलं बघून लोक म्हणतात ओव्हरलोड झाला की 40 ला पडेल. नाही पडणार! 40 म्हणजे तिचे कॉन्टॅक्ट किती करंट झेलतील तो आकडा. फेज-न्यूट्रल शॉर्ट झालं तरी गेलेला सगळा परत येतोच, तिला फरकच दिसत नाही, म्हणून सोबत एमसीबी पाहिजेच. याच कारणाने जमिनीपासून सुटं उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर आरसीसीबीसुद्धा वाचवणार नाही, तिच्यासाठी तुम्ही साधा लोड.

दोन्ही कामं एकात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो, माझं मत विचाराल तर बाथरूम आणि किचनच्या सर्किटला तोच वेगळा लावा, एका गीझरच्या लीकेजमुळे अख्ख्या घरात अंधार होत नाही. 100 आणि 300 मिलीअँपिअरवाल्या आरसीसीबी येतात त्या आगीसाठी, शॉकसाठी 30 चीच. आणि ईएलसीबी हे जुन्या वेगळ्या पद्धतीच्या यंत्राचं नाव, ते आता सोडा.

सगळ्यात जास्त चीड येते ती आरसीसीबी सारखी पडते म्हणून बायपास करून देणाऱ्यांची. अरे ती पडतेय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय, एकेक सर्किट बंद करून शोधा ना. आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्या-दोन महिन्यांनी दाबून बघा, दाबल्यावर पडली नाही तर ती आजच बदला.